एका वाक्याचा संदर्भ

सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या स्वप्नालीकडे ऑनलाइन ज्ञानकोशातला एक लेख तपासायला आला होता. विषय होता जत तालुक्यातल्या धनगरी ओव्या. लेख खरंच छान जमला होता. त्याला ‘उत्तम’ दर्जा द्यायचा असं तिनं ठरवलंही होतं, इतक्यात शेवटचं वाक्य वाचून ती जागीच थिजली. ‘भागातले अखेरचे ओवी-गायक जोतीराम गेल्या वर्षी निवर्तले.’

विद्यार्थिनी असताना तिनं जोतीरामआबांच्या ओव्या ऐकल्या होत्या. ‘रेकॉर्डर घेऊन परत येते, आबा,’ असा शब्दही दिला होता. पुढं नोकरीच्या रगाड्यात ते राहूनच गेलं.

तिनं त्या वाक्याचा संदर्भ शोधला. एकही नव्हता. मग धीर करून तिनं जुन्या वहीतला नंबर लावला. फोन आबांच्या सुनेनं, हरणाबाईंनी उचलला.

“आबा कधी गेले हो?” स्वप्नालीनं दबक्या आवाजात विचारलं.

“आत्ताच की, मेंढरं घिऊन. दिस मावळायला येतील माघारी.”

स्वप्नालीनं लेख पुन्हा समोर घेतला. मग तिनं अडखळत लेखातलं वाक्य वाचून दाखवलं.

हरणाबाई खळखळून हसल्या. “आवं बाई, त्यो शेजारच्या गावचा जोतीराम! ढोल वाजवायचा. आमचं मामंजी लय धडधाकट हायती.”

स्वप्नालीचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत तिनं लेखाला ठरवलेला दर्जा एक पायरी उतरवला आणि ते वाक्य काढायला सांगितलं. त्याआधी फोनवरच विचारून घेतलं होतं, “रविवारी आले तर आबा भेटतील?”

“या की! पर मेंढरं सुटायच्या आत या.”