व्हरांड्यातला जोड

सकाळी सव्वादहा वाजता नर्सच्या क्वार्टरमधला पंखा फिरू लागला. तो फिरायला नको होता.

साल २००२. राहू गावाच्या पुढच्या एका वस्तीवर आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती. क्वार्टरला लागून असलेल्या आरोग्य उपकेंद्रातल्या फ्रीजमध्ये पोलिओची लस होती. शेजारच्या डेअरीची वीज दुसऱ्या डीपीवरून, म्हणजे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येत असे, ती चालू होती. वायरमन महेंद्रने तिथून वायर ओढली. त्याआधी उपकेंद्राच्या मीटरचे फ्यूज काढून खिशात टाकले. डेअरीची वीज बाहेरच्या बंद लाइनवर उलटी जाऊ नये, म्हणून ही सवय. त्या लाइनच्या दुरुस्तीला लाइनमन म्हस्कू आला होता.

फ्रीज घुरघुरला. सुरेखा सिस्टर दारात आल्या. "महेंद्रमामा, माझ्याकडंपण आली की लाइट. पंखा लई आळशी फिरतोय पण."

क्वार्टरचं मीटर वेगळं होतं आणि त्याचे फ्यूज जागेवरच होते; म्हणजे वीज तिथून बाहेरच्या लाइनवर जात होती. महेंद्रने आधी वायर उपटली, मग तो खांबाकडे पळाला.

म्हस्कू खांबाखाली तंबाखू मळत होता. "म्हस मागं लागली का काय?"

"वर गेलावतास?"

"ही मळून जाणारच हुतो."

"लाइनीत करंट हुता. माझ्यामुळं."

म्हस्कूचा अंगठा थांबला. "फ्यूज काढलं न्हाईत?"

"काढलं. पर व्हरांड्यातला दिवा आठ वर्सामागं मीच दोन्ही मीटरवर जोडला. एक फ्यूज उडाला तरी बाळंतिणीला उजेड ऱ्हावा म्हणून. त्या जोडातनंच करंट पलीकडं गेला."

"असं आजून कुठं केलंय?"

"वायल्या चुली झालेल्या भावांच्या घरात. ओटीवरचा दिवा सामायिक लागतो त्यांना."

"म्हंजी मी इतकी वर्सं देवाच्या भरवशावर चढतोय."

महेंद्रने व्हरांड्यातला जोड कापला आणि डेअरीची वायर पुन्हा लावली. फ्रीज चालू झाला, पंखा हलला नाही. म्हस्कूने स्वतः येऊन तो पाहिला, मगच खांबावर चढला. दुपारी दोनला वस्तीची वीज आली.

त्यानंतर महेंद्र पिशवी घेऊन घरं फिरला. दोन घरांतले जोड कापले. तिसरं घर हरिबा आणि सोपानराव या भावांचं.

"आबा, दिवा आता एकाच मीटरवर ऱ्हाईल. कुणाच्या ठिवू?"

"सोपानाला इचारावं लागंल," हरिबा म्हणाले.

"इचारा की."

"सा वर्सं बोललो न्हाई आमी."

"मग मी सांगून येऊ?"

हरिबा उठले. "नगं. तू बस."

पावणेसहाला ते चपला घालून सोपानरावांच्या रानाकडे निघाले. महेंद्र दोन्ही घरांचे मेन स्विच पाडून ओटीवर बसला. दिवेलागणीपर्यंत दोघांपैकी कुणीही परतलेलं नव्हतं; लांब बांधावर दोघं शेजारी बसलेले तेवढे दिसत होते.