नमुना

उदगीरच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी गेली. पुस्तकं देण्याघेण्यात फार बोलावं लागत नाही. म्हणून निवृत्तीनंतर नांदेडला बोलीभाषेच्या निवासी वर्गाला जायचं मी ठरवलं, तेव्हा सुनेला, अंजूला, हसू आलं. त्या वर्गात शेवटच्या दिवशी प्रत्येकानं सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं होतं. ती अट वाचूनच मी नाव दिलं, हे तिला सांगितलं नाही. जन्मात एकदा तरी चार लोकांसमोर आपली एक गोष्ट पुरी सांगावी, एवढंच मनात होतं. ती सांगण्याजोगी आहे का, हे मात्र नांदेड येईपर्यंत ठरेना.

वर्ग भोकर रस्त्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात होता. निवृत्त शिक्षक, धर्माबादचे एक आडते, काही अंगणवाडी सेविका अशी मंडळी होती. माझ्या खोलीत कंधारचे हनुमंतराव होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. दात घासतानाही ते बोलायचे. पहिल्याच दिवसापासून मला अप्पा म्हणू लागले.

व्याख्यानं लातूरच्या मंजुश्री मॅडमांची. निजामाच्या कचेरीतले शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसे पोचले, हे त्या इतकं छान सांगत की 'बेजार'सारख्या रोजच्या शब्दाकडेही माणूस नव्यानं बघत बसेल. त्या प्रश्न विचारत. उत्तर मला यायचं, पण माझ्या तोंडाआधी दुसऱ्याचं तोंड उघडायचं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ कट्ट्यावर येऊन बसल्या. फोन दोघांच्या मध्ये पालथा ठेवला. घरचं विचारू लागल्या. का कोण जाणे, मी बोललो. माझी आई, आमची अव्वा, भालकीकडची. तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं. तिचा एक शब्द होता, 'सुम्म'. 'सुम्म बस' म्हणजे गप्प बस. आणि कुणी विचारलं का आलास, तर 'सुम्म आलो', म्हणजे सहज, काही काम नाही. एकाच शब्दात गप्प राहणं आणि उगीच येणं, दोन्ही. मी जन्मभर पहिलंच केलं, असं मी म्हणालो. मॅडम हसल्या. पलीकडे बसलेले हनुमंतरावही हसले. मला बरं वाटलं. शेवटच्या दिवशी मला हेच सांगायचं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलकडे जात होतो. दाराआड मॅडम व्यवस्थापकांशी बोलत होत्या.

"ते उदगीरचे काका आहेत ना, एकदम अस्सल नमुना. असा शोधूनही सापडत नाही. त्यांना अजून बोलतं करायचंय."

मी ताट न घेताच परत फिरलो. आमच्याकडे एखाद्याला नमुना म्हटलं की त्याच्या मागे हसायला सगळे मोकळे होतात.

मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. मॅडम माझ्याच शेजारी का बसतात? फोन नेहमी पालथा का, आणि माझ्याच बाजूला का? नाश्त्याला त्यांनी विचारलं, काका, याला तुमच्याकडे उप्पीट म्हणतात की सांजा? मला वाटलं, मी काय म्हणतो ते ऐकून आत जाऊन नक्कल करणार. अंगणवाडीच्या बाया आपसात हसल्या तरी मी सदऱ्याची बटणं तपासायचो. आंघोळीच्या रांगेत हनुमंतराव म्हणाले, ते सुम्मचं परत सांगा की. तेही सामील आहेत, हे तिथंच पक्कं झालं. मी म्हणालो, विसरलो.

"अप्पा, तुम्ही लई इचार करून राहिलात," ते म्हणाले. "तब्येत बरी हाय ना?"

या काळजीचासुद्धा मला संशय आला.

घरी निघून जावं असं वाटलं. पण अंजू पुन्हा हसली असती. मग मी भाषण नव्यानं लिहून काढलं. अव्वा काढली, मातोश्री घातली. हसता येईल अशी एकही जागा ठेवली नाही. शीर्षक दिलं, 'सीमावर्ती बोलीवरील कन्नड प्रभाव : एक दृष्टिक्षेप'.

शेवटच्या दुपारी माझं नाव पुकारलं. मी वाचू लागलो. आडते पंख्याकडे बघत होते. कुणी हसलं नाही, पण कुणी ऐकतही नव्हतं. पुढच्या रांगेत मॅडमांनी माझ्याकडे धरलेला फोन खाली घेतला आणि पर्समध्ये टाकला. ते बघून माझं वाचन थांबलं. पुढची ओळ समोर होती, पण तोंडातून दुसरंच आलं.

"मॅडम, फोन का ठेवून दिलात?"

त्या गडबडल्या. "काका, चांगलंय. पण हे पुस्तकातलं झालं. मला तुमचं हवं होतं. त्या दिवशीसारखं."

"त्या दिवशीचं हाय तुमच्याकडं?"

त्यांनी पर्समधून फोन परत काढला. मग हो म्हणाल्या. अभ्यासासाठी त्या बोलीचे नमुने गोळा करतात. आधी सांगितलं की माणसं सावरून बोलतात, खरी बोली येत नाही, म्हणून सांगत नाहीत. असा नमुना मी होतो तर. 'नमुना' या शब्दाच्या बाबतीत माझं चुकलं होतं. फोनच्या बाबतीत चुकलं नव्हतं. बरं वाटावं की वाईट, ते कळेना.

"म्हंजे आमचंबी घेतलं का काय?" हनुमंतरावांनी मागून विचारलं. "मी घरच्या मंडळीबद्दल बोललो ते?"

हॉल हसला. मॅडमांनी मान खाली घातली.

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी लावलं. फोनमधून एक बारीक, घाईतला आवाज आला. तो माझा आहे हे पटायला वेळ लागला. अव्वा म्हनायची, सुम्म बस रे सिद्ध्या. मग फोनमधून हसणं ऐकू आलं. ते कुणाचं, हे मी कान देऊन ऐकलं. आधी मीच हसलो होतो. त्यानंतर ती दोघं. त्यांच्या हसण्यात टिंगल होती का, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही, आणि आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

"ठेवू का, काका?" मॅडमांनी हळू विचारलं.

"न्हाई. पुसा."

"असं परत मिळत नाही, काका. खरंच नाही मिळत."

"पुसा. आन् मग इचारा."

त्यांनी माझ्यासमोर पुसलं. मग त्या उठल्या, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काका, बोलता का? हे चालू ठेवू?"

मी कागद बाजूला ठेवले.

"हाव," मी म्हणालो. "माझी अव्वा भालकीकडची."

पण त्या दिवशी ज्यावर आम्ही तिघं हसलो होतो ते आता तोंडात येईना. दुसरंच आठवलं. वडील गेले तेव्हा घर बायांनी भरलं होतं आणि अव्वा कुणाशीच बोलत नव्हती. शेजारीण म्हणाली, रड गं. अव्वा म्हणाली, सुम्म हाय मी. त्याचा नेमका अर्थ काय होता, हे मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही.

"मागं ऐकू येईना, अप्पा," हनुमंतराव म्हणाले.

मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.