पुजलेली फ्लॉपी

ज्ञानेश्वरीचा सगळा जीव त्या एका फ्लॉपीत अडकला होता. सन नव्याण्णवचा दसरा तोंडावर आलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरच्या कंपनीत परीक्षा, अन् शेवगावच्या कॉम्प्युटर क्लासात 'सी' भाषा शिकवलेली अशी, की फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, मशीनला बोट लावायचं नाही! डोंबलाचं शिकणं ते! चुलते आप्पासाहेब तर टपूनच बसलेले. "नोकरी लागली तर ठीक, न्हाईतर दिवाळी झाली की बार उडवून टाकू." नेवाशाचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं.

म्हणून तिनं नगर गाठलं, सायबर कॅफेत बसली. एकेक पान उघडता उघडता लाइन तुटायची. उघडलंच, तर असलं अवघड, जसं काही वाचणारा आईच्या पोटातूनच शिकून आलाय. ती अगदी रडकुंडीला आली. अखेर एक सापडलं, पार पहिल्यापासून समजावणारं. सगळे धडे तिनं फ्लॉपीत भरून घेतले. दसऱ्याला क्लासातले सर तिला मशीनवर बसू देणार होते.

खंडेनवमीला ती धुणं धुऊन आली, तर देवापुढं कोयता, विळा, खुरपं मांडलेलं आणि मधोमध फ्लॉपी! पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीवर हळदीकुंकू लावलेलं.

"आई, काय केलंस गं हे!"

"तुजं हत्यार न्हाई व्हय ते?" गोजरबाई हरखून म्हणाली. "दुधानं धुतलं बी. आजवर समद्या गड्यांचीच हत्यारं पुजली बग. पोरीचं पुजायला आज मिळालं."

ज्ञानेश्वरीला किंचाळावंसं वाटलं. आईच्या तोंडाकडं पाहून तिनं देवापुढं हात जोडले.

दसऱ्याला क्लासात मशीन नुसतं खरखरलं. फ्लॉपी वाचता येत नाही, एवढंच पडद्यावर आलं. तिनं पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. नगरचं कॅफे सणाचं बंद. आता कुणाच्या पाया पडावं?

"चाललं का गं?" घरी आईनं विचारलं.

"चाललं," ती म्हणाली.

सकाळी ती एसटीत चढणार, तोच गोजरबाई धापा टाकत मागून आली.

"हत्यार इसरलीस की, बाई!"

रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी ज्ञानेश्वरीनं पिशवीत ठेवली. परीक्षेत पहिली ओळ काय लिहायची, ते तिला अजून ठाऊक नव्हतं.