रेखलेल्या भुवया

दानेश्वरीच्या भुवया एका वर्षात गेल्या. आधी बाहेरची टोकं विरळ झाली, मग मधला भाग, आणि शहाण्णवच्या दिवाळीत आईनं, अव्वानं, तेल लावायला घेतलं तेव्हा तिच्या बोटांना तिथं नुसतं गुळगुळीत कातडं लागलं. पाठीवर फिकट चट्टा त्याच्याही आधीपासून होता, तो कुणी मनावर घेतला नव्हता. गडहिंग्लजच्या डॉक्टरनं त्या चट्ट्यावर सुई टोचून बघितली. दानेश्वरीला ती टोचलेली कळलीच नाही. डॉक्टरनं दार लोटून घेतलं आणि तिच्या वडलांना, शशिधरअप्पांना, रोगाचं नाव सांगितलं. महारोग.

दोन वर्षं तिनं एक दिवस न चुकवता गोळ्या खाल्ल्या. अंग काळवंडलं, लघवी लाल झाली, तरी खाल्ल्या. शेवटचं पाकीट संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, "बरी झालीस पोरी. तुझ्यापासनं आता कुणाला काय व्हायचं न्हाय. लग्न कर, संसार कर."

"आणि भुवया?"

"त्या येत न्हाईत बघ. पेन्सिल लावत जा."

पेन्सिल लावूनच ती कोडोलीच्या पाहुण्यांपुढं बसली. वैशाखाचा महिना, नेसरीतलं पत्र्याचं घर, वर पंखा असून नसल्यासारखा. मुलाच्या आत्तीनं कुंकू लावायच्या आधी तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला. पदरावर तपकिरी रेघ उमटली. आत्तीनं पदर बघितला, मग तिचं तोंड बघितलं.

"भुवई कुठं गेली गं तुझी?"

पोहे तसेच राहिले. पंधरा दिवसांत सगळ्या नेसरीला कळलं. धाकटी बहीण शिवलीला, घरातली लीला, तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि घरात जे काही बोलणं व्हायचं ते आता तिच्याबद्दलच व्हायचं. "एकीचं झालं ते झालं," अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "दुसरीचं वाटुळं कसं करू?" गल्लीत सांगितलं की थोरली हुबळीला मावशीकडं गेली. प्रत्यक्षात अव्वानं तिला एसटीत घालून कोल्हापूरला, राजारामपुरीत यशोधरा कांबळेंच्या ब्युटी पार्लरमध्ये आणून सोडलं.

यशोधराबाईंचा भाऊ सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता, त्यामुळं त्यांना रोग माहीत होता. अव्वा कुजबुजत, चाचरत सांगत होती, ते त्यांनी मध्येच तोडलं. "बरी झालीया न्हवं? मग झालं की. उद्यापासनं येऊ दे. माडीवर खोली हाय, ऱ्हाईल तिथं."

अव्वा गेल्यावर बाईंनी दानेश्वरीला खुर्चीत बसवलं, ओल्या कापसानं पेन्सिल पुसून काढली आणि कपाटातून काचेची एक बुटकी बाटली घेतली. आत गडद तपकिरी लेप होता, बोट लावलं तर मेणासारखा.

"ह्याला पोमेड म्हणत्यात. मुंबईचा एजंट आणतोय. पेन्सिलीगत वघळत न्हाय. बघ नीट, पुन्यांदा सांगणार न्हाय."

तिरक्या कापाच्या ब्रशनं त्यांनी कणभर लेप उचलला, मनगटाच्या मागच्या बाजूवर घासून मऊ केला. नाकाच्या कडेला ब्रश उभा धरून भुवई कुठं सुरू व्हायची ते बघितलं, आडवा करून कुठं संपायची ते बघितलं. सलग रेघ त्यांनी ओढलीच नाही. एकेक केस काढावा तशा बारीक रेघा, आधी वरच्या अंगाला, मग कमानीपाशी जरा तिरक्या, शेपटाशी खाली झुकलेल्या. वरून पावडरीचा हलका हात. पाऊण तास लागला.

"आता रड बघू," बाई म्हणाल्या. "रडलीस तरी जायच्या न्हाईत."

दानेश्वरी रडली नाही. ती आरशात बघत राहिली, आणि बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेल्यावरही बघत राहिली.

चार वर्षांत ती बाईंच्या पुढं गेली. स्वतःच्या भुवया ती पहाटे दार लावून, बारा मिनिटांत काढायची; रात्री खोबरेल तेलानं पुसायची आणि दिवा मालवूनच झोपायची. शाहूपुरीतल्या, ताराबाई पार्कातल्या नवऱ्या मुली तिच्याकडंच पाहिजे म्हणून हटून बसायच्या. "मॅडम, तुमच्यासारख्या करा," असं आपल्या कपाळाकडं बोट दाखवून म्हणायच्या. ती म्हणायची, "करू की." नेसरीला ती त्या चार वर्षांत एकदाही गेली नाही. अव्वा वर्षातून एकदा, अंबाबाईला यायचं निमित्त काढून यायची, शेंगदाण्याची चटणी द्यायची, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून लगबगीनं उठायची.

दोन हजार तीनच्या मार्गशीर्षात अव्वा आली ती लवकर उठलीच नाही. चहा गार झाला.

"लीलाचं ठरलं," ती म्हणाली. "निपाणीचं घराणं. पोराचं नाव शिवप्रसाद. तंबाखूची वखार हाय."

"बरं झालं की अव्वा."

"लग्न तिकडंच हाय. आपली मोजकीच माणसं." अव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "लीला म्हणती, अक्कानं सजवलं तरच उभी ऱ्हाईन. न्हायतर न्हाय. तुझ्या अप्पांनी दोन दिस जेवान टाकलं. मग म्हणालं, येऊ दे. पण..."

"पण काय?"

"पार्लरवाली म्हणून ये, दानव्वा. त्यास्नी सांगितलंय, आम्हाला एकच लेक हाय."

यशोधराबाई पलीकडं गिऱ्हाइकाचे केस विंचरत होत्या. त्यांचा हात थांबला. दानेश्वरी म्हणाली, "येते." रात्री बाई म्हणाल्या, "जाऊ नगंस. मी जाते तुझ्या जागी." ती म्हणाली, "लीलाला बघून साडेचार वर्षं झाली, मॅडम."

निपाणीच्या कार्यालयात ती मेकअपची पेटी घेऊन पाठीमागच्या दारानं गेली. दारात चुलतचुलते उभे होते, तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवणारे. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि, "पार्लरच्या बाई न्हवं? डावीकडच्या खोलीत जावा," असं म्हणाले. अप्पा मांडवात कुणाशी तरी बोलत होते. ते वळलेच नाहीत.

लीला उंच झाली होती. खोलीत नवऱ्याकडच्या दोन बायका बसल्या होत्या, म्हणून दोघी काहीच बोलू शकल्या नाहीत. दानेश्वरीनं तिची हनुवटी बोटांनी वर केली. लीलाच्या भुवया दाट होत्या, अव्वाच्या वळणाच्या; आपल्याही तशाच होत्या हे तिला आठवलं. नुसत्या कडा साफ करून, मधे जिथं बारीक फट होती तिथं तिनं पोमेडच्या चार रेघा ओढल्या. लीलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी एक बाई हसली, "आत्तापासनं रडतीया बघा पोरगी."

"डोळं मिटा, ताई," दानेश्वरी म्हणाली. बहिणीला ती पहिल्यांदाच अहो-जाहो करत होती. "हलू नका."

त्या बाया नवरदेवाच्या मावश्या निघाल्या. त्यांतली थोरली तिच्या तोंडाकडं निरखून बघत होती. "बाई, तुमच्या भुवया काय रेखीव हो. जन्मजातच हायत का?"

"व्हय," दानेश्वरी म्हणाली. मग मावशीनं आपल्याही करून घेतल्या, आणि आशीर्वाद दिल्यासारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

अक्षतांच्या वेळी ती खोलीच्या दारात उभी राहिली. नवरीच्या मागं करवली म्हणून दिवा घेऊन आत्याची मुलगी उभी होती. लग्न लावणाऱ्या स्वामींचं मंत्र म्हणणं चाललं होतं. तेवढ्यात नवरदेवाच्या आईनं सहज विचारलं, "सख्खी बहीण न्हाय व्हय पोरीला?" आणि अप्पा म्हणाले, "न्हाय. एकलीच." आवाज मोठा होता त्यांचा, कापडाच्या दुकानात बोलून बोलून झालेला. तो दारापर्यंत स्वच्छ ऐकू आला. अव्वा आली, तिच्या हातात मूठभर तांदूळ दिले आणि तिथल्या तिथं उभं राहूनच टाकायला खुणावलं. दानेश्वरीनं टाकले. ते पुढच्या खुर्च्यांपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

जेवणाला ती थांबली नाही. एसटीत तिच्या शेजारी बसलेल्या माणसानं मांडीवरची मेकअपची पेटी बघून विचारलं, कुणाचं लग्न? तिनं सांगितलं, गिऱ्हाइकाचं.

त्यानंतर अव्वा एकदाच आली, लीलाला दिवस गेलेत हे सांगायला. नंतर वर्षभर कुणीच आलं नाही. अव्वाचा अंबाबाईचा महिना आला आणि गेला. पार्लरला फोन होता; नेसरीच्या घरचा नंबरही तिला पाठ होता. दोनदा लावला, दोन्ही वेळा अप्पांनी उचलला, आणि तिनं ठेवून दिला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात एके दुपारी दार उघडून लीला आत आली. सोबत तिची नणंद होती. लीलाचा गळा दागिन्यांनी भरला होता, अंग सुटलं होतं.

"आयब्रो करायच्यात," लीला म्हणाली. "आणि वन्संचे केस धुवायचेत."

यशोधराबाईंनी तोंडवळ्यावरून एका नजरेत ओळखलं. त्यांनी नणंदेला पलीकडच्या बेसिनवर नेलं, नळ पूर्ण सोडला आणि तिच्याशी मोठमोठ्यानं निपाणीच्या बाजाराबद्दल बोलायला लागल्या.

दानेश्वरीनं दोरा दातांत धरला, दोन्ही हातांत ताणला. लीलानं डोळे मिटून, भुवईच्या वर आणि पापणीवर बोटांनी कातडं ताणून धरलं, जसं कुठलंही गिऱ्हाईक धरतं. दोरा भुवईखालून फिरायला लागला.

"अक्का," लीला ओठ न हलवता म्हणाली. "अव्वा गेली."

दोरा थांबला.

"गुढीपाडव्याच्या आधी. काविळीनं. अप्पांनी कळवू दिलं न्हाय. म्हणालं, ती आली तर माती द्यायला आलेल्यास्नी काय सांगायचं. मलाच दुसऱ्या दिवशी कळलं."

पाडवा होऊन दीड महिना झाला होता. दातांत दोरा होता, म्हणून दानेश्वरीला तोंड उघडता आलं नाही. बेसिनवरून नणंदेचा आवाज आला, "झालं का गं लीला?"

"एक झाली," लीला म्हणाली. "एक ऱ्हायलीया."

दानेश्वरीनं दोरा पुन्हा ताणला. लीलाच्या बंद पापणीखालून पाणी येऊन कानाच्या पाळीकडं चाललं होतं, ते तिनं अंगठ्यानं टिपलं आणि दुसरी भुवई करायला घेतली. एका ठिकाणी दोन केस जास्त निघाले. ती जागा तिनं पोमेडनं भरून दिली.

उठताना लीलानं आरशात बघितलं नाही. "परत येईन," ती म्हणाली.

ती आली नाही. पुढं कधीतरी एका निपाणीच्या गिऱ्हाइकाकडून कळलं, शिवप्रसादनं वखार विकली आणि ती मंडळी पुण्याला गेली. पत्ता त्या बाईला माहीत नव्हता.