सासऱ्यांचे ओले हात

सकाळपासून सुनेचा पाय एका जागी ठरत नव्हता. गल्ल्यापासून फळीपर्यंत, फळीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. सासरे मात्र उंच स्टुलावर बसून गवती चहाच्या जुड्या तपासत होते. पात चुरगळायची, नाकाशी धरायची आणि निकाल द्यायचा: "चालेल" किंवा "परत". अख्खं दुकान या नाकावर उभं होतं. पण गेल्या महिन्यातल्या सर्दीपासून "परत" ऐकूच येईना. आत्ताही बुरसट वासाची जुडी त्यांनी खुशाल "चालेल"मध्ये टाकली होती.

हे नवऱ्याला कळलं तर झालंच! "बाबा, आता घरी आराम करा," हे पालुपद त्याच्या तोंडी कायमचंच. आराम म्हणजे बाबा खिडकीतल्या खुर्चीत आणि स्टुलावर तो स्वतः, ज्याला गवती चहा आणि नुसतं गवत यांतला फरक डब्यावरची पाटी वाचून कळायचा.

खात्री करावी म्हणून तिने मागच्या शेगडीवर पाणी उकळलं. साखर घातली, पात एकही नाही. पात कापायची कात्री खिळ्यालाच राहिली. रंग दिसू नये म्हणून स्टीलच्या पेल्यात ओतलं, वर झाकण ठेवलं, मुरायला लागतो तेवढा वेळ थांबली.

सासऱ्यांनी भुरका मारला. "वा! झाकण वेळेवर ठेवलंस. वास जागच्या जागी."



तेवढ्यात एक बाई आल्या. घरी नवरा तापाने फणफणलेला. त्यांच्या मागोमाग सुनेचा नवराही पोती घेऊन आत आला.

"ताप ना?" सासरे म्हणाले. "चार पाती कापून, आलं ठेचून उकळत्या पाण्यात टाका. लगेच गॅस बंद, वर झाकण. गरम प्यायला द्या, पांघरूण घाला, घाम येऊ द्या. पोट फुगलं असेल तर आलं नको, नुसती पात."

त्यांनी नेमकी ती बुरसट जुडी उचलली, नाकाशी नेली आणि थबकले. "सूनबाई, माझे हात ओले आहेत गं, पात नीट चुरगळत नाही. जरा तू बघ."

तिने हुंगली. "परत." दुसरी उचलली. "ही चालेल."

"हात तर कोरडे दिसतायत बाबांचे," नवरा म्हणाला.

"तुम्ही पाट्या वाचा!"

बाई गेल्या, नवरा पोत्यांकडे वळला. सासरे हळूच म्हणाले, "साखरेच्या पाण्याला कुणी झाकण ठेवतं का? मघाशी कात्रीचा आवाज आला नाही मला. कान शाबूत आहेत अजून."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर तिने स्टुलाशेजारी पाण्याचं भांडं आणून ठेवलं. सासऱ्यांनी त्यात दोन्ही हात बुडवले.