हरताळाचं पाणी

मालनबाईंनी बाटलीत जांभळ्या औषधाचे तीन थेंब सोडले आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाणी गुलाबी झालं. सातवीच्या मुली टेबलाभोवती दाटल्या. घाण पाण्यात हा रंग लवकर मरतो, स्वच्छ पाण्यात टिकतो, एवढंच बाईंनी त्यांना शिकवलं होतं. प्रभादेवीमागच्या खाजणातल्या पाण्यात तो गेले पाच आठवडे सात मिनिटांपुढे टिकला नव्हता.

आज वीस मिनिटं झाली तरी रंग हलला नाही.

"बाई, खाजणाने आंघोळ केली वाटतं!"

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. या नोंदींच्या जोरावर त्यांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज केला होता, की गिरणीचं रंगाचं गटार खाजणात येतं, ते वळवा. सोमवारी उत्तर आलं. गटाराचा विचार होईल. मात्र सहावी नोंदही वाईट आली, तर तूर्त तिथल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, विकायला बंदी. त्या चिखलातून तिसऱ्या काढून दादरला विकणारी सोनूबाई दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारात उभी राहिली होती.

"गटार बंद कराया निंगाल्या बाई, आन् बंद व्हनार माजी पाटी!"

आजची बाटली सोनूबाईच्या लेकीनेच, दमयंतीने, भरून आणली होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"समुद्रावरून भरलीस?"

"नाही, बाई. आईशप्पथ. खाजणातल्या आपल्या नेहमीच्या खुंटापाशी."

"कधी?"

दमयंती परकराचा काठ बोटाला गुंडाळू लागली.

"काल."

काल संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. शाळा, दुकानं, गिरण्या, सगळं बंद. सकाळचा भोंगाही झाला नव्हता. गटारातून रंग उतरला नव्हता, आणि दोन भरत्या खाजण धुऊन गेल्या होत्या.

"मुद्दाम काल गेलीस."

"पण पाणी खोटं नाही ना, बाई?"

बाई खुर्चीत टेकल्या. सुजलेले पाय त्यांनी चपलांतून बाहेर काढले. 'रंग टिकला' एवढंच लिहून सही केली, की कोणी दारात येऊन बोलणार नव्हतं. परत अर्ज नको, हेलपाटे नकोत. त्यांची नजर दमयंतीच्या पायांवर गेली. नखांच्या कडांत निळा रंग बसला होता, घासूनही न निघणारा.

त्यांनी वही तिच्याकडे सरकवली.

"लिही. रंग वीस मिनिटं टिकला."

दमयंतीने भरभर लिहिलं.

"आता शेऱ्याच्या रकान्यात. काल हरताळ, गिरण्या बंद."

टाक थांबला.

"असं लिहिलं तर बंदी घालतील."

"घालतीलही. पण नाही लिहिलं तर गिरणी बंद की पाणी स्वच्छ, हे कोणाला दिसणार नाही, आणि गटार तसंच राहील."

"आणि लिहिलं तर जाईल?"

"एका दिवसाच्या नोंदीवर? कोण जाणे, बाळ."

बाहेर मुलींचा लंगडीचा गोंगाट चालला होता. निबावरची शाई सुकली. दमयंतीने टाक पुन्हा दौतीत बुडवला, वहीवर वाकली आणि बारीक अक्षरात ती ओळ लिहिली. टीपकागद दाबून ठेवत तिने विचारलं,

"बाई, पुढचा हरताळ कधी आहे?"