रोसेन्दोच्या वाटणीचा मध

अंगणामागची येर्बाची झुडपं बाराही महिने हिरवीगार, आणि सगळं गाव त्यांच्या पानांवर चालायचं. पानं विस्तवावर सुकवायची, कुटायची, तुंब्यात भरायची आणि वर गरम पाणी ओतायचं. तुंबा एक, नळी एक, ओढायचं मात्र सगळ्यांनी, पाळीपाळीनं. डोकं दुखलं तरी येर्बा, पोट बिघडलं तरी येर्बा. आणि जे तोंडानं बोलवत नाही, तेही येर्बाच बोलायची. तुंबा गार आला की पाहुण्यानं समजून टोपी उचलावी. मध घालून आला, तर लग्नाला होकार.

देल्मिराला आज तोच द्यायचा होता. रोसेन्दो दर रविवारी यायचा, ओसरीवर बसायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि जायचा. माणूस गुणाचा, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. आणि आज तो ओंडक्यांच्या तराफ्यावरून पराना नदीनं खाली निघाला होता. परतायला वर्षसुद्धा लागलं असतं.

स्वयंपाकघरात निकानोरामावशी किटली उतरवायला वळली, तेवढ्यात देल्मिरानं बोळक्यातला होता नव्हता तो मध तुंब्यात ओतला. बाहेर येऊन तिनं तुंबा रोसेन्दोपुढे धरला. 

रोसेन्दो पडला रीतीभातीचा. शेजारी सिरीलोकाका बसले होते, पलीकडच्या घरातले विधुर, मावशीच्या हातच्या येर्बासाठी वर्षानुवर्षं रोज हजर. "आधी मोठ्यांचा मान. घ्या, काका," म्हणत त्यानं तुंबा तिकडे सरकवला.

देल्मिराच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत काकांनी नळी ओढलीसुद्धा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले, "निकानोरा! अगं, इतकी वर्षं लावलीस होय!"

मावशी किटली घेऊन दारात आली. आधी काकांच्या मिशांतलं हसू पाहिलं, मग भाचीचा पडलेला चेहरा. सगळं तिच्या ध्यानात आलं. आता आपली धडगत नाही, असं देल्मिराला वाटलं.

"मध चाखल्यावर तुम्हाला अक्कल येते हे ठाऊक असतं," मावशी म्हणाली, "तर मी कधीच पोळं आणून डोक्यावर आपटलं असतं!"

नदीवरून तराफ्याच्या मुकादमाची हाक आली. रोसेन्दोनं काकांचं अभिनंदन केलं आणि टोपी घातली. दुसरा तुंबा करावा, तर मधाचं बोळकं रिकामं. देल्मिराला राहवेना.

"खाली बस, बैलोबा! तो मध तुझा होता!"

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे... माझा नव्हता?"

"पोटात कुणाच्या गेला? मग तुमचाच," मावशी म्हणाली. "आता सुटका नाही."

मुकादमानं पुन्हा हाक मारली, या वेळी शिव्यांसकट. रोसेन्दोनं टोपी काढली, परत बाकावर बसला आणि तुंब्यासाठी देल्मिरापुढे हात केला.

"माझी पाळी राहिलीय."